काहून नावाचं गाव

४ जुलै
सूक्ष्मजीव विभागाच्या फ्रीजमध्ये आज पुन्हा दही. तेही माझ्या बीकरमध्ये. मानवजातीने याची नोंद घ्यावी. जंतूंचा अभ्यास करणाऱ्या बाईच्या फ्रीजमध्ये बाहेरचे जंतू विनापरवाना मुक्काम ठोकतात. ग्रंथालयातल्या वंदनाताईंना जाब विचारला. शांतपणे म्हणाल्या, "डबा तर तुमच्यापाशीच हाय मॅडम. दही कायच्यात आणू?"
खरं आहे. त्यांच्या बाबांच्या मारेगावच्या वावरातली माती त्याच डब्यातून आली होती. विषय वाढवला नाही.

७ जुलै
त्या मातीतल्या जंतूची नवी ताटली. भोवती स्वच्छ कडं, दुसरा जंतू फिरकत नाही. पहिली ताटली पाहून वं.ताईंनीच विचारलं होतं, "याच्या आजूबाजूले दुसरं काहीच काहून उगत नाही?" उत्तर नव्हतं, म्हणून ताटलीवर त्यांचं वऱ्हाडी 'का'च इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'काहून'. तेच नाव पडलं.
आता निम्मं उत्तर आहे. हा जंतू प्रतिजैविक बनवायला लागतो, त्याच दिवशी त्याच्या पेशीत एक प्रथिन नव्याने दिसतं. प्रथिनं वेगळी करायच्या जेलवरची एक पट्टी. माझी पीएच.डी. म्हणजे तेवढी पट्टी. पन्नाशीत बायका नातवंडांची नावं ठेवतात, मी जंतूंची.
प्रथिन ओळखायचं यंत्र आपल्याकडे कुठलं. नमुने, फोटो, सगळं पुण्याला सुधाकरकडे पाठवलंय. एम.एस्सी.चा वर्गमित्र. दर भाऊबीजेला ओवाळते, दर वेळी ओवाळणीत पेन घालतो. नमुन्यांचं विचारलं की एकच उत्तर, "यंत्र बंद आहे गं."

१५ जुलै
यंत्र चालू होतं.
सु.चा शोधनिबंध छापून आलाय. माझा जंतू, माझी पट्टी. फोटोसुद्धा माझाच, कोपऱ्यातल्या ओरखड्यासकट. माझं नाव नाही. आभारातही नाही, तिथे यंत्र पुरवणारी कंपनी.
आणि एक वाक्य: यवतमाळ जिल्ह्यातल्या काहून या गावावरून जंतूला हे नाव दिलं आहे.
आधी हसू आलं. मग

१६ जुलै
सु.ला फोन.
"अगं, नाव राहिलं. घाई होती. आणि नमुने काय, सगळेच पाठवतात."
"काहून कुठे आलं रे?"
"मारेगावजवळ ना?"
"एसटी जाते?"
"जात असेल की."
ठेवला.

१८ जुलै
गाईड म्हणाले, छापून आलेलंच प्रबंधात दिलंत तर चोर तुम्ही ठराल. म्हणजे चोरी त्याची, आळ माझ्यावर. तक्रार करता येईल. पुरावा काय, तर एक वऱ्हाडी शब्द. समितीसमोर त्याचा अर्थ सांगायचा. लोक हसून चहा सांडतील.

२१ जुलै
वं.ताईंना सांगितलं. गावाचं ऐकून पोट धरून हसल्या. "बाबाले सांगतो, तुमचं वावर काहून गावात गेलं म्हणून." मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण मॅडम, तुम्ही ओवाळता ना त्याले? मंग असं काहून केलं त्यानं?"
या खेपेला निम्मंही उत्तर नाही.
तक्रार लिहून तयार आहे. धाडली नाही. भाऊबीज लांब आहे.
घरी डबा उकळत्या पाण्यातून काढला. रिकामा कसा द्यायचा, रव्याचे लाडू भरले. त्या जेवायला गेल्यावर टेबलावर ठेवून आले.
बीकर घासून जागेवर.