सात रीमिक्स झाली, गाणं राहिलं

विलेपार्ले (पूर्व),
तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी

प्रिय बाळास,

नंदकिशोरचा नमस्कार, आणि तोही कागदावर. कारण फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, आणि कॉलेजच्या ग्रुपमधून ज्या वेगाने बाहेर पडलास त्या वेगाने तू कधी गणिताच्या पेपरातूनही पडला नव्हतास. तब्येत कशी आहे? साखर आटोक्यात आहे ना? (हे शेवंतीवहिनींना विचारतोय. तुझ्या उत्तरावर माझा विश्वास नाही.) इकडे मृणालिनी बरी आहे, जान्हवी बरी आहे, आणि मी भांडायला कोणी न उरल्यामुळे दोन किलोंनी वाढलो आहे.

श्रावणात तू मरोळचा गाळा विकायला काढून कुडाळला जायला निघालास, त्या दिवशी घाटकोपरला तुझ्या घरी जे झालं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. पंचावन्नच्या घरातले दोन बाप्ये इंडस्ट्रियल डान्स म्युझिकमधले रीमिक्स अल्बम चांगले की टाकाऊ, यावरून भरल्या पानावरून उठले, हे सांगायचं कोणत्या तोंडाने? तू म्हणालास, “मूळ गाणा धड असता, तर सात जणांनी तेची डागडुजी कित्याक केली असती रे?” वाक्य झकास होतं, त्यामुळेच मी चिडलो आणि म्हणालो की, तुला काय कळणार, तू आयुष्यभर एकच झाकण ठोकत बसलास. मग तू उठलास. सोलकढीची वाटी तशीच राहिली. तेव्हापासून तू मुंबईत पाऊल टाकलेलं नाहीस, आणि मरोळची तुझी पॉवर प्रेस, जिच्यावर तू तीस वर्षं मसाल्याच्या डब्यांची झाकणं काढलीस, ती आता भंगारात जायची वाट बघत बसली आहे.

झाकणाचं नंतर बघू. आधी रीमिक्सबद्दल माझं म्हणणं लेखी नोंदवून घे, कारण तोंडी तू मला तिसऱ्या वाक्यापुढे कधी जाऊ दिलं नाहीस. आपण कॉलेजात असताना अंधेरीच्या फुटपाथवर त्या बेल्जियन कॅसेट घ्यायचो, आठवतं? खाली नाचाचा ठेका, मध्ये कोणीतरी पत्र्यावर घण मारतोय, आणि वर एक इसम सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याची तक्रार मांडावी तसा ओरडतोय. आता हे गाणं एकदाच ऐकलं तर माणूस घाबरतो. पण त्याचा रीमिक्स अल्बम ऐकला की एकजण घण काढून टाकतो, एकजण ठेका अर्ध्यावर आणतो, एकजण त्या इसमालाच बाहेर काढतो (हे माझं सगळ्यात लाडकं), आणि मग कळतं की गाण्यात नक्की काय काय होतं. घरातला एकेक माणूस गावी गेल्यावर घर कळतं तसं. आणि शिळ्याला तू नावं ठेवूच नकोस. मृणालिनीच्या ताज्या पोळ्या बाजूला सारून फोडणीची पोळी मागायला सकाळी साडेसातला पार्ल्यात कोण टपकायचं? तेव्हा मूळ पोळी धड नव्हती का रे?

आता पुढची हकीकत सांगतो, ती बसून वाच. आमची जान्हवी हल्ली असलंच संगीत करते. (मी तिला लहानपणी पेटीच्या क्लासला घातलं होतं. क्लास शेजारच्या गॅरेजच्या माळ्यावर भरायचा. तिने नेमकं गॅरेज उचललं.) तुझी प्रेस भंगारात जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, “बाबा, तो आवाज गेला की गेला ना. आपण रेकॉर्ड करून ठेवू या.” गाळा बंद असतो, पण प्रेसवरचा तुझा जुना कामगार दादू खंडेनवमीला पूजेपुरता उघडणार, हे मला ठाऊक होतं. मलाही सुट्टी, दादूही हजर, एवढा हिशोब करून मी पार्ल्याच्या हुशारीने तोच दिवस ठरवला. दोन माइक, एक रेकॉर्डर, जान्हवीची मुलुंडची मैत्रीण शर्मिष्ठा, असे आम्ही मरोळला पोचलो. प्रेसला झेंडूचा हार, फ्लायव्हीलवर हळदकुंकू. मी म्हटलं, दादू, जरा सुरू कर. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू झोपलेल्या सासूला उठवून नाचायला सांगितलंय. “आज नाय चालनार,” तो म्हणाला. “आजच्या दिवशी हत्याराला हात लावत नाय आपण. तुम्ही ऑफिसातली मान्सं, साहेब. तुमचं हत्यार म्हंजे पेन, ते तर तुम्ही एरवी पन चालवत नाय.”

मी समजावलं, विनवलं, चार मिनिटंच म्हटलं. तो प्रत्येक वेळी तेच म्हणाला, सोळा वेळा. आमचे माइक मात्र पहिल्यापासून चालू होते. त्यामुळे हाती लागलं ते असं: शटर वर जातानाचा खडखडाट, घंटा, नारळ फुटल्याचा आवाज, नारळाचं पाणी माइकवर उडाल्यावर शर्मिष्ठाची किंकाळी, आणि दादूचा सोळापट नकार. प्रेसचा आवाज शून्य. जान्हवीने हेच सामान सात जणांना पाठवलं, आणि बाळा, सातही रीमिक्स आली! शर्मिष्ठाने एकच नारळ मिनिटाला एकशे चाळीस वेळा फोडलाय. बोरिवलीच्या एकाने नुसत्या शटरवर सहा मिनिटं काढलीत. ते आम्ही मोठ्याने लावलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे राजेश ‘टाकी फुटली का?’ म्हणत वर आले, आणि शेवटपर्यंत बसले. बेल्जियममधल्या एका बुवाने दादूच्या ‘आज नाय चालनार’चं ध्रुवपद केलं आणि लिहिलं, की भांडवलाविरुद्ध कामगाराचा इतका धगधगता आवाज त्याने आजवर ऐकलेला नाही. दादूला अर्थ सांगितला तर तो म्हणाला, “त्याला सांगा, दुसऱ्या दिवशी आलो असतो कामाला.”

घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांग असं लिहिणार होतो, पण आता मोठे आपणच उरलोय. तेव्हा तो तूच घे.

तुझा (अजूनही ब्लॉक केलेला),
नंदू

ता. क. : अल्बम तयार आहे, फक्त त्यात मूळ गाणं नाही. दसरा उलटल्यावर दादूने प्रेस चालवून दाखवली, पण तो सरळ ठोकतो, ठण ठण ठण ठण. तू तीन ठोके मारून चौथ्याला पेडलवरचा पाय उचलायचास आणि पत्रा फिरवायचास. ती चौथी रिकामी जागा दादूला जमत नाही, जान्हवीला कॉम्प्युटरवर जमत नाही. भंगारवाल्याला मी पुढच्या शनिवारपर्यंत थोपवलंय. चार मिनिटांसाठी ये. पत्रा मी आणून ठेवलाय.

ता. क. दुसरा : झाकणाबद्दल बोललो ते चुकलं. आमच्या स्वयंपाकघरात तुझी अकरा झाकणं आहेत. काल सगळी एकमेकांच्या डब्यांवर लावून पाहिली, एकही अडलं नाही. तीस वर्षं एकच झाकण काढणं मला एक दिवसही जमलं नसतं. आणि आता कबूल करतो, त्या बेल्जियन कॅसेटची दुसरी बाजू, म्हणजे रीमिक्सची, मी कधी पुरी ऐकलेली नाही. तू विरुद्ध बोलायचास म्हणून मी बाजू घ्यायचो.

ता. क. शेवटचा : येताना वहिनींना घेऊन ये. आपण दोघंच असलो तर प्रेस बंद झाल्यावर रडू, आणि जान्हवी तेही रेकॉर्ड करेल.