आईचा गुलमोहराखालचा फोटो

माहाजांगा, डिसेंबर

नाइवोदादा,

वर्षअखेरीला आपल्याकडचा गुलमोहर फुलला की आईला त्याखाली बसवून फोटो पाठव, असं तू रियुनियन बेटावरून लिहिलंस. फोटो काढला तेव्हा आई तापाने फणफणली होती. तरी ठेवणीतली लांबा-शाल पांघरून बसली.

"खोकला थांबू दे, मग काढ गं," म्हणाली. "त्याला कळलं तर नोकरी सोडून धावत येईल वेडा."

फोटोत ती हसतेय. मांडीवर लाल पाकळ्या पडल्यात.

चौथ्या दिवशी ती गेली. जाताना तुलाच हाका मारत होती. मी तुला फोटो पाठवला, बातमी नाही.

तुझं उत्तर आलं, "आई किती टवटवीत दिसतेय! मग आता पुढच्या वर्षीच येतो."

मी "बरं" एवढंच कळवलं.

तुझी अपराधी बहीण,
लालाइना