नऊ सेकंद, दोन पॉइंट

रविवार, ६ ऑगस्ट १९७८

प्रिय पंडित,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. शाळा सुटल्यावर नेहमीसारखा तुझ्या घरी गेलो आणि सुलाकाकूला ओसरीवर बसून सगळं वाचून दाखवलं. सगळं म्हणजे, एक वाक्य सोडून. ते का सोडलं, त्यावर पुढं येतो. काकूनं गुळाचा चहा टाकला आणि "पिल्याबिगर उठायचं न्हाई मास्तर" असा दम भरला. चौदा वर्षं तुझी पत्रं वाचतोय आणि चौदा वर्षं तो चहा पितोय. मग तिनं विचारलं, "माझं लेकरू तिथं विलायतेत बसगाड्या दुरुस्त करायलंय का मुरूम वडायलंय?" मी सांगितलं, पाच दिवस बसगाड्या आणि शनिवारी शर्यतीच्या ट्रॅकवर मुरूम. त्यावर म्हणते, "मुरूमच वडायचा व्हता तर हितं काय कमी पडला व्हता?" तिचा हा सवाल मी तुझ्याकडं पाठवतो, जबाब तूच दे.

पण खरं सांगू, तुझ्या त्या स्पीडवेनं, मोटारसायकलींच्या शर्यतीनं, मला येडं केलंय. चार गडी, चार फेऱ्या आणि सगळा खेळ एका मिनिटात खलास! मोटारसायकलला ब्रेकच नाही हे वाक्य मी तीनदा वाचलं. गिअर एकच, डाव्या पायात पोलादी जोडा, आणि वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरू द्यायचं, पुढचं चाक वळणाच्या उलट्या अंगाला धरायचं. आता मला सांग, हँडल उजवीकडं असताना गाडी डावीकडं जाते कशी? सातवीच्या वर्गात फळ्यावर आकृती काढून बघितली. पोरांना म्हणालो, विज्ञानाचा तास आहे. पोरं खूष, पण आकृतीतली गाडी दर वेळी कुंपणाबाहेर जायची.

शेवटी राहवेना. शुक्रवारी मी माझ्या सायकलीचे दोन्ही ब्रेक काढले, खळ्यावर मुरूम पसरला, मध्ये खुंटा ठोकला आणि डाव्या पायाला नांगराचा जुना फाळ सुतळीनं बांधून तुझ्या सांगण्याबरहुकूम वळण घेतलं. वय वर्षे त्रेचाळीस, हे लक्षात घे. पहिलं वळण झकास जमलं. मागचं चाक खरंच घसरलं रे, आणि पुढचं उलटं धरलं तर तोल राहिला! जे फळ्यावर कळलं नाही ते ढुंगणाखाली कळलं. दुसऱ्या वळणाला मी कडब्याच्या गंजीत होतो. आमची घरवाली कासाबाई धावत आली, आधी मी जिवंत आहे का बघितलं आणि मग म्हणाली, "मास्तरकी सोडून आता सर्कशीत जायलाव का?" दोन दिवस गुडघ्याला हळद लावून बसलोय, म्हणून तर एवढं लांब पत्र लिहायला फुरसत आहे.

तर तू लिहितोस, असा हा फाकडा खेळ आता बसत चाललाय. पूर्वी तुमच्या ट्रॅकवर उभं राहायला जागा नसायची, आता शनिवारी सहाशे डोकी मोजून भरतात. जागेचा मालक म्हणतो, या ऑक्टोबरात शेवटची शर्यत, पुढं तिथं दुकानं बांधायची. दहा सप्टेंबरला प्रेक्षकांची सभा आहे, ज्यानं त्यानं उठून एकेक उपाय सांगायचा आहे. आणि तू, जो तिथं चौदा वर्षं दाताळं घेऊन दोन शर्यतींच्या मध्ये मुरूम सारखा करतोस पण सभेत कधी तोंड उघडत नाहीस, तू या खेपेला बोलायचं ठरवलंयस. म्हणून मला विचारलंस: रायभान, तू आपल्या शंकरपटाचा, बैलांच्या शर्यतीचा, घड्याळवाला होतास, आपला पट कशानं बसला ते मला खरं खरं लिही, म्हणजे मला काही सांगता येईल.

आधी माझे सवाल घे, मग तुझा. पहिला: एक मिनिट गाड्या पळतात आणि नंतर दहा मिनिटं काहीच नाही, असं तूच लिहितोस. त्या दहा मिनिटांत लोक करतात काय? आपल्या पटात दोन जोड्यांच्या मधल्या वेळात तर खरी मजा असायची. झरीचा तो कर्णेवाला आठवतो? बैलाची आई कोणाच्या गोठ्यात, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची सासुरवाडी कुठली, सगळं पुराण सांगायचा, आणि हसून हसून माणसं बेजार. तुमचा कर्णेवाला नुसते आकडेच वाचत असेल तर सहाशे तरी का येतात याचंच मला नवल वाटतं.

दुसरा: तू म्हणतोस, जो पहिल्या वळणाला पुढं गेला तोच बहुतेक जिंकतो, कारण आतल्या कडेची वाट जवळची. मग मुरूम बाहेरच्या अंगाला जास्त टाकून बघितला का? म्हणजे लांबच्या वाटेनं जाणाऱ्याच्या चाकाला पकड मिळेल आणि मागचा पुढं येऊ शकेल. हे माझं कडब्याच्या गंजीतलं ज्ञान आहे, पण दाताळं तुझ्या हातात आहे. एका शनिवारी कुणाला न विचारता करून बघ.

तिसरी गोष्ट मला कळतच नाही. सगळे संघ बरोबरीचे राहावेत म्हणून वरची कचेरी दमदार गड्याला एका गावातून उचलून दुसऱ्या गावाला देते म्हणे. हेतू चांगला आहे, मान्य. पण तुमच्या पाखऱ्याला उद्यापासून चारठाणा गावचा बैल म्हणायचं ठरवलं असतं, तर तुझ्या बापानं कचेरीच पेटवली असती. माणूस गाडी बघायला येतो का आपला माणूस बघायला येतो? आणि तूच लिहितोस की गावातल्या नव्या पोरांना ट्रॅकवर गाडी घालू देत नाहीत, मोठे गडी परदेशातून येतात, पळतात, निघून जातात. मग शर्यती संपल्यावर अर्धा तास गावच्या पोरांना का देत नाहीत? ज्याचा भाचा पळतोय त्याचं सगळं खानदान येईल बघायला.

आता तुझा सवाल. पट कशानं बसला असं गावात कुणालाही विचार, "भात्तरच्या दुष्काळात बैलं गेली, पट गेला" असंच सांगतील. मीही सगळ्यांना तेच सांगत आलो. पण दुष्काळाच्या डोक्यावर हे खापर फोडता येत नाही. आपला शेवटचा पट अडुसष्टला झाला. त्या साली आठ जोड्या आल्या होत्या, त्यातल्या पाच गावच्याच. दुष्काळ यायच्या चार वर्षं आधी आपला माळ ओस पडला होता. बैल होते, लोक होते, माळही होता.

सहासष्टच्या पटाला मानवतचा एक आडत्या स्वतःचं घड्याळ घेऊन आला. मी उभा असायचो त्याच्या बरोबर समोर, रेघेच्या पलीकडं उभा राहिला आणि दर जोडीला आपलं घड्याळ दाबत गेला. त्याची जोडी पळाली, मी वेळ पुकारली. तो भांडला नाही, ओरडला नाही. त्यानं घड्याळ खिशात घातलं, छकड्याला बैल जुंपले आणि चालता झाला. त्याच्या मागोमाग मानवतचे सगळे गेले. पुढच्या बाजाराला म्हण तयार होती: त्या गावचं घड्याळ माणूस वळखतंय. पंडित, ते घड्याळ शाळेचं होतं आणि माझ्या हातात होतं.

त्याची सुरुवात कुठून झाली ते आता तुला सांगतो. बासष्टचा पट आठव. तुझ्या वडलांची, दत्तूकाकांची जोडी, पाखऱ्या आणि सुंदऱ्या, धुरकरी तू. आपल्या गावच्या पटात बौद्धवाड्यातली जोडी पहिल्यांदाच पळत होती. त्यासाठी दत्तूकाका तीन वेळा कमिटीपुढं जाऊन बसले होते. दरसाल रानातले दगड वेचून धावेची वाट साफ करायची तुमच्या माणसांनी, आणि पळायचं बाकीच्यांनी, हे किती दिवस चालायचं असं त्यांनी उभ्या सभेत विचारलं होतं. आबासाहेबांच्या जोडीनं नऊ सेकंद चार पॉइंट घेतले होते. तुमची जोडी सगळ्यांच्या शेवटी सुटली. झेंडी पडली, मी बटण दाबलं, आणि पाखऱ्या असा आला की माझ्या अंगावर काटा आला. रेघेवर बटण दाबलं आणि बघितलं. आबासाहेब पटाचे अध्यक्ष, माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, किती? मी आकडा सांगितला. ते एवढंच म्हणाले, "नीट बघा, मास्तर."

धमकी नाही, शिवी नाही, काही नाही. मी तेव्हा शाळेत कच्चा होतो, कायम व्हायचा होतो, पण त्यांनी ते बोलूनसुद्धा दाखवलं नाही. मी नीट बघितलं. काटा जिथं होता तिथंच होता. आणि मी कर्ण्यात सांगितलं, नऊ सेकंद सहा पॉइंट.

त्यानंतर दरसाल कुणाच्या ना कुणाच्या जोडीला आबासाहेब मला नीट बघायला सांगत आणि दरसाल मी नीट बघत गेलो. एकदा वाकलेली मान, तिला मग वाकायला कारण लागत नाही. आपला पट असा बसला. मी बसवला. सभेत हे सांग. सांग की माणसं हरायला भीत नाहीत, आपली बैलं हरली तरी पुढच्या साली पुन्हा येतात. पण जिथं आपण जिंकूच शकत नाही असं एकदा त्यांना कळलं, तिथं ती परत फिरकत नाहीत. तुमच्या कचेरीत कुणी कुणाला 'नीट बघा' म्हणतं का, ते आधी शोधा. मुरूम आणि कर्णा नंतर.

आता ते वाक्य, जे मी काकूला वाचून दाखवलं नाही. तू लिहिलंस: "अजूनही गाड्या शेवटच्या वळणावर आल्या की मला आपली ती धाव आठवते. शेवटच्या दहा पावलांत मी भ्यालो आणि कासरा ओढला, नाहीतर दादा जिंकले असते." पंडित, सोळा वर्षं तू हे उरावर घेऊन फिरतोस आणि मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तू विसरलास, नोकरी लागली, विलायतेला गेलास, सुखी आहेस. दत्तूकाकांनी त्याच महिन्यात जोडी विकली, तुझ्याशी पाडव्यापर्यंत बोलले नाहीत, हे मी बघत होतो. ते सत्तर साली गेले, मी खांदा दिला, तरी तोंड उघडलं नाही. माझ्यासारखा भित्रा माणूस शोधून सापडायचा नाही. तू कासरा ओढला नव्हतास. ओढला असशील तरी ती जोडी जिंकली होती. त्या दिवशी घरी येऊन मी खरा आकडा शाळेच्या डायरीत पेन्सिलीनं लिहून ठेवला होता, तारखेसकट. ते पान फाडून सोबत पाठवतोय. का जपून ठेवलं होतं, कुणाला दाखवणार होतो, मला सांगता येत नाही. मला माफ कर असं लिहिण्याची माझी लायकी नाही, तरी लिहितो.

सोमवार. वरचं सगळं कालचं आहे. टपालात टाकायच्या आधी आज सुलाकाकूकडं गेलो आणि तुझं ते राहिलेलं वाक्य आणि माझं हे पत्र दोन्ही वाचून दाखवलं. या खेपेला एक अक्षरही गाळलं नाही. काकू सुपात ज्वारी निवडत होती, तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "बैलं जितली व्हती?" मी हो म्हणालो. "आन् ह्ये त्येंला ठावं न्हवतं?" मी म्हणालो, नव्हतं. ती दत्तूकाकांच्या फोटोकडं बघत राहिली, तिथं शेजारी बाबासाहेबांचा फोटो आहे, मला तिकडं बघवेना. मग म्हणाली, "लिव्ह. पोराला मोठ्या अक्षरात लिव्ह. लहान अक्षरातलं त्याला दिसायचं न्हाई." म्हणून तिच्या समोर बसून, ती सांगेल तसं लिहिलं:

दत्तरावाची बैलं जितली व्हती. धुरकरी पंडित. नऊ सेकंद, दोन पॉइंट.

तिनं कागद हातात घेतला, तिला वाचता येत नाही तरी त्या ओळीवरून बोट फिरवलं, आणि मला परत दिला. मग पुन्हा सूप ओढून ज्वारी निवडायला लागली. चहाचं नाव काढलं नाही. मी कागदाची घडी घातली आणि उठलो.

तुझाच म्हणवून घ्यायचा हक्क तू ठेवलास तर,
तुझाच,
रायभान