भंगारवाल्याच्या दाराची ऐरण

साडूभाऊंना साष्टांग नमस्कार. (वयाने तुम्ही लहान आहात, हे मी विसरलेलो नाही, तरी आजचा नमस्कार साष्टांगच घ्या.) तुमची कंबर आता काय म्हणते? मेहुणीबाईंचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मात्र तितकेसे नाहीत, आणि त्याला कारण मी आहे.

निवृत्त माणसाने हाताला काही चाळा लावून घ्यावा, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी लोखंडाचा लावून घेतला. लोहारकामाचं पुस्तक आणलं, तर पहिल्याच पानावर लिहिलेलं की घरात ऐरण नसेल तर पुढचं वाचू नये. मग पंधरा दिवस जुनी, लहानशी ऐरण शोधत हिंडलो. एका लोहाराने माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि आधी घरी विचारून या म्हणाला. शेवटी एका भंगाराच्या दुकानात ती सापडली, म्हणजे तिला ठेचकाळून मी पडलो. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्या पठ्ठ्याने ती दाराला लावून ठेवली होती! आता, चांगल्या ऐरणीची परीक्षा अशी, की वरून पोलादी छर्रा सोडला तर तो टणकन उसळावा. छर्रा माझ्या खिशातच होता (हसू नका). सोडला, आणि तो उसळून थेट भंगारवाल्याच्या चहात पडला. चहातून छर्रा काढता काढता त्याचा चेहरा पालटला आणि भावही. तोवर त्याला ती नुसती धोंड वाटत होती. परीक्षा मालकाच्या डोळ्यांदेखत घ्यायची नसते, हे पुस्तकात नव्हतं. "न्या की, पण माझं दार कोण धरणार?" म्हणाला. तेव्हा त्याला तितक्याच वजनाचं काहीतरी आणून देणं भाग पडलं. (तुम्ही गेल्या वर्षी आमच्याकडे विसरलेले दोन डंबेल्स. व्यायाम तुम्ही तसाही सोडलाच होता.)

पंधरा किलोंची ऐरण म्हणजे लहानच. पण पिशवीच्या बंदांना तसं वाटलं नाही. दुसऱ्या जिन्यावर बंद तुटले, ऐरण चार पायऱ्या माझ्याआधी उतरली आणि शेजारणीच्या कुंडीत जाऊन बसली. घरी आल्यावर तिला बैठक हवी म्हणून हिच्या शिवणाच्या स्टुलावर ठेवली. त्या स्टुलाचं आता पाटात रूपांतर झालं आहे. पुढे लाकडाचा ओंडका आणला आणि कामाला लागलो. तिसऱ्या दिवशी डॉक्टर हातमोजे घालूनच वर आले. म्हणाले, "अहो, तुमचा एकेक घाव माझ्या पेशंटच्या दाढेत बसतोय. एक जण तर खुर्चीतून उठून रुमालासकट पळाला." बिचारा भला माणूस, दुपारी दवाखाना बंद असताना ठोका म्हणाला. तेव्हापासून माझी कला एक ते चार बहरते. आतापर्यंत एक आकडा तयार झाला आहे. त्यावर टॉवेल टांगला की टॉवेल घसरतो, पण आकडा जागचा हलत नाही.

तर असं सगळं छान चाललं आहे. सवडीने उत्तर द्या.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. – सवडीने नको, लगेच द्या. आपल्या सासूबाईंनी दोघी मुलींना लग्नात एकसारखी पितळी ओगराळी दिली होती, आठवतं? आमच्या ओगराळ्याला बारीकसा पोचा होता. तो काढायला गेलो. पोचा निघाला, पण त्याबरोबर वाटीचा खोलगटपणाही निघून गेला. आता त्याने वाढता येत नाही, फार तर वारा घेता येतो. सासूबाई रविवारी येताहेत आणि आल्या की पहिल्या पंगतीला त्याच ओगराळ्याने वाढतात. हिला अजून पत्ता नाही. माझी अब्रू तुमच्या फडताळात आहे, साडूभाऊ. तुमचं ओगराळं मेहुणीबाईंना न सांगता पाठवा. सोमवारी परत करतो.

भाऊजी, हे पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं. दहा वर्षांत तुम्हाला एक ओळ न लिहिणारा माणूस तीन पानं लिहितो म्हटल्यावर मी उघडणार नाही का? यांना सांगू नका, पण आईचं ओगराळं मी चार वर्षांपूर्वीच हरवलं. यांनी चेपलं ते मी बाजारातून आणलेलं. दर खेपेला ते आईच्या हातात गेलं की माझा जीव टांगणीला लागतो. तेव्हा तुमचं पाठवाच, पण शेजारणीच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. यांना रविवारपर्यंत घाबरू द्या, तोवर ऐरणीला हात लावणार नाहीत; घरात तेवढेच चार दिवस शांततेचे.