शेजारच्या कागदावरचे दहा

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रायफल घेतल्याची बातमी तुला हिच्याकडून, म्हणजे तिखटमीठ लावूनच कळली असणार. म्हणून नेमकं लिहितो. निशाणाचा कागद दहा मीटरवर. मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून लहान. मी घड्याळं दुरुस्त करणारा, मला हे पुस्तकं वाचून जमलं. क्लबातल्या मास्तरांच्या उभं राहण्यातल्या दोन चुका मीच त्यांना दाखवल्या. त्यांना आवडलं नाही. श्वास सोडायचा, काळजाच्या दोन ठोक्यांमध्ये चाप ओढायचा. तेवढ्यात जगातली एकही कटकट ऐकू येत नाही.

ही म्हणते, त्या पैशांत न्हाणीघराच्या फरश्या झाल्या असत्या. रविवारच्या स्पर्धेत साठ नेमांत ५७० गुण झाले नाहीत, तर रायफल विकायची, अशी अट घातलीय. मी हो म्हणालो.

लोभ आहे तसा राहू दे.
तुझा छोटू

ता. ९ जानेवारी

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

नेमबाजीचं ते ताठ जाकीट सवयीचं व्हावं म्हणून तू घालूनच जेवायला बसतोस, आणि वाकता येत नाही म्हणून बायकोने भरवायचं? काळजाचे ठोके वाढतात म्हणून घरात चहासुद्धा बंद! पन्नाशीला आलास रे. जिंकलास तर कळव, हरलास तर आधी कळव.

तुझी ताई

ता. १४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी कळवतो. एकोणसाठ नेमांत ५६१ झाले होते. शेवटच्याला नऊ पुरे होते, मी दहा मारले. अगदी मधोमध. फक्त शेजारी नेम धरणाऱ्या दातांच्या डॉक्टरच्या कागदावर. त्याच्या कागदावर आठाचं एक, दहाचं एक भोक. कुठलं कुणाचं ते पंचांना ठरवता येईना, म्हणून नियमाने चांगलं त्याला. मला शून्य. तो पुढच्या फेरीसाठी निवडला गेला. माझे दात फुकट साफ करून देतो म्हणाला.

पंचांपुढे नियमाप्रमाणे जे बोलावं लागतं ते बोललो. रायफल पुसून पेटीत ठेवलीय, गिऱ्हाईक शोधतोय. पेटी मात्र दोनदा उघडून पाहिली.

तुझा छोटू

ता. १९ जानेवारी

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

गिऱ्हाईक शोधू नकोस. तुझ्या बायकोचा फोन आला होता. ती मागच्या बाकावर बसलेली तुला दिसली नसेल. पंचांपुढे हात वर करून तू म्हणालास, ‘माझं चुकलं.’ बावीस वर्षं संसार केला, पण हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं. म्हणते, या किमतीला रायफल स्वस्तच पडली, फरश्या पुढच्या वर्षी.

पुढची स्पर्धा कधी ते तिला सांग. या वेळी ती पुढच्या बाकावर बसणार आहे.

माया आहेच.
तुझी ताई