राजाचं नाक

मंगळवार, ४ मार्च

नाकं-डोळे चिकटवते म्हणे! वर्तमानपत्रवाली बाई आली होती, मी चहा घेऊन समोर उभी, आणि ताई म्हणते, "ही धाकटी. ही फक्त बाहुल्यांना नाकं-डोळे चिकटवते." बाई हसली. मीही दात काढले, मूर्खासारखी!

राजाची बाहुली घडवली कोणी? त्याचा आवाज शोधला कोणी? मी! ताईने तो एकदा ऐकला आणि बाहुलीची काठीच माझ्या हातातून काढून घेतली. मी ठेंगणी, माझा हात पडद्याच्या वर पोचत नाही म्हणे.

बुधवार

झोप नाही. हिची जिरवल्याशिवाय गप्प बसायची नाही मी.

शुक्रवार, ७

ताईचं रोजचं टुमणं — राजाचं नाक आणखी हलकं कर. आधी कागदाच्या लगद्याचं होतं. मग स्पंज कोरून वर पातळ कागद चिकटवला. डोळे तर टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून केलेत, फुंकरीने उडतील. तरी हिला जडच! मुद्दाम करते, मला राबवायला.

थांब. वजन काय असतं ते दाखवतेच तुला.

रविवार

सुचलं! तालमीत नाकं चेमटतात, म्हणून आम्ही ती प्रयोगाच्या दिवशीच लावतो. तोवर राजा बिननाकाचा. म्हणजे पडदा उघडेपर्यंत तिला पत्ताच लागायचा नाही. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिशाचे गोळे आणले. स्पंज पोखरून आत बसवले, वर कागद, वर रंग. दिसायला तेच नाक. आता काठी डोक्यावर धरून तासभर उभी राहा म्हणावं, बाईसाहेब!

शनिवार, १५

टाकली! भर दरबारात मान टाकली राजाने! ताईने दुसऱ्या हाताने सावरला, पुन्हा कलंडला. मुलं खिदळली. शेवटी राजा पडद्याआड खाली गेला आणि ताई त्याच्यासकट मटकन बसली. भावोजींनी पडदा ओढला.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं. गडबडीत राजा मीच उचलला, गोळे काढले, नाक होतं तसं करून ठेवलं.

रविवार

सकाळी ताई आली. उजवा हात मांडीवर ठेवून बसली. या हाताची ताकद हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी थंडीतच सांगितलं होतं. तिने भावोजींनासुद्धा कळू दिलं नव्हतं. जितकं वजन कमी, तितके प्रयोग जास्त होतील, म्हणून नाकाच्या मागे लागली होती.

"काल कळलं गं. एवढंसं स्पंजचं नाक, तेही पेलवेना. संपला माझा हात."

रडली नाही. राजा तू घे म्हणाली, आवाज तुझाच होता. भावोजी तुला उभं राहायला फळी ठोकून देतील म्हणाली.

मी तोंड उघडलं होतं. ती उठून गेली.

सोमवार

आज माझी पहिली तालीम. छान झाली. त्या गोळ्यांचं ताईला सांगितलेलं नाही.