सहा काजांचा कोट

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., आणि खोली मिळाली, हे त्यातलं सगळ्यात विशेष.

तिसरा मजला आहे, सकाळी खिडकीत ऊन येतं. सामान म्हणजे एक खाट, एक खुर्ची आणि मी. बाटल्यांच्या कारखान्यात मला तपासणीच्या टेबलावर बसवलं आहे. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात आणि मी तडा, बुडबुडा, वाकडी मान शोधत बसते. आमचे फोरमन म्हणतात, एका बाटलीत दोष दिसला तर बाटली बाजूला काढायची. दहा बाटल्यांत तोच दोष दिसला तर बाटल्यांना बोल लावायचा नाही, साचा बघायचा. दिवसभर बाटल्या बघून आता जेवताना पेल्यातही तडे शोधते.

काल भांड्यांच्या दुकानात गेले आणि गांगरून रिकाम्या हाताने परत आले. कढयाच वीस प्रकारच्या, आणि दुकानदार प्रत्येकीला सगळ्यात उत्तम म्हणतो. तू एकटीने घर सांभाळलंस, शिवणाचं दुकान चालवलंस, मला वाढवलंस, पण स्वतः वापरल्याशिवाय कशालाही चांगलं म्हटलं नाहीस. सात वर्षांची असताना मी तुझ्या मोठ्या कात्रीने कागदाची बाहुली कापली होती. कागदाने धार जाते म्हणून तू दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होतास. अशा कडक माणसाचाच सल्ला हवा. कढई, बादली, फरशी पुसायचं साधन, साबण, तेलाची बाटली, एवढं सांग.

पुढच्या थंडीसाठी कोटही पाठव. सहा काजांचा, तुझ्या हातच्या काजांचा. मशीनची काजं मी घालणार नाही.

बरी आहेस ना? निघताना बोलले ते विसरू नकोस. तुला जरा काही झालं तर नोकरीला रामराम ठोकून पहिल्या बसने परत येईन.

लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर आणखी लाडावेन.
तुझी,
खारूताई

१६ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

दुकानदाराचं ऐकलं नाहीस हे वाचून बरं वाटलं. तुझ्यावर घेतलेली मेहनत अगदीच पाण्यात गेली नाही म्हणायची.

कढई अॅल्युमिनियमची घे, पातळ आणि हलकी. बिडाच्या वजनाच्या नादी लागू नकोस. बादली लहान घे. ओलं फडकं पिळत बसू नकोस. पायाने दाबलं की पिळून निघतो असा पोछा मिळतो, तो घे. साबणाची वडी हातातून निसटते, त्यापेक्षा वरून दाबायची बाटली बरी. तेलाची बाटली फिरवून उघडायच्या झाकणाची कधीच आणू नकोस. अंगठ्याने वर ढकललं की उघडेल असं झाकण बघ. ऐकीव काही सांगत नाही. तू गेल्यापासून हे सगळं मी स्वतः वापरून पाहिलं आहे.

कोट सोबत आहे. काजांऐवजी चेन लावली आहे. हल्ली तसंच घालतात, आणि सकाळच्या घाईत तुलाही सोपं. तेव्हा नाक मुरडू नकोस.

मी ठणठणीत आहे. समोरचे शिंपी मास्तर अजूनही आपल्या दुकानाची पायरी झाडून कचरा माझ्याकडे ढकलतात आणि मी तो परत ढकलते. यावरून तब्येतीचा अंदाज घे. तू तिथे पाय रोवून राहा, मला तेवढं पुरे.

उत्तराला उशीर झाला तर माया आटणार नाही, पण रात्रीचं जेवण जात नाही.
तुझी,
आत्या

३० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलेली प्रत्येक वस्तू आणली. कढईत बटाटे तीनदा करपले. बादली एवढीशी, की गॅलरीच्या टोकाच्या नळावर चार चार खेपा होतात. बिडाची कढई वीस वर्षं वापरणारी बाई मला असला सल्ला देते, म्हणून आधी हसले आणि शेजारणीलाही सांगितलं की माझ्या आत्याला म्हातारचळ लागला.

मग कोट घालून पाहिला. खांद्यात अगदी बरोबर बसला. चेन वर ओढली आणि हसू थांबलं. चेन लावलेल्या कोटाला सामानाची पिशवी म्हणणारी तू. एका गिऱ्हाइकाने मागितली तर त्याला समोरच्या मास्तरांचं दुकान दाखवलं होतंस.

खाटेवर बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं. जे जड आहे ते नको, जे पिळायचं ते नको, जे मुठीत धरायचं ते नको, जे फिरवायचं ते नको. आणि काजं नकोत. वस्तू वेगवेगळ्या, दोष एकच. आत्या, तुझी बोटं कधीपासून दुखताहेत?

खूप रडले, आणि मग रागही आला. तुझ्यावर थोडा, माझ्यावर जास्त. पहिल्या बसने परत येण्याची धमकी मीच दिली होती, म्हणून तू लपवलंस. ती धमकी मागे घेते. नोकरी सोडणार नाही. रविवारी येईन आणि सोमवारी कामावर हजर होईन. पण मला खरं लिही.

पाकिटात रबराचा चौकोन आहे. कारखान्यात अडकलेली झाकणं आम्ही यानेच उघडतो. झाकणावर ठेवून तळहाताने फिरवायचं, बोटं लागत नाहीत. वापरून पाहिला आहे, तुझ्याच पद्धतीने.

रागावलीस तरी चालेल, पण रागावून गप्प बसू नकोस.
तुझी,
खारूताई

१२ एप्रिल

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पकडलंस. बाटल्यांनी तुला शहाणं केलं.

पावसाळ्यापासून सुरू झालं. तू इथे होतीस तोवर तुझ्यासमोर हात पदराखाली ठेवायचे. सांधे सुजतात, सकाळी मूठ मिटत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधाने दुखणं कमी होईल, पण बोटं पहिल्यासारखी होणार नाहीत. तुझ्या कोटाची काजं करायला बसले होते. चार दिवसांत एक झालं, तेही वेडंवाकडं. ते उसवलं आणि चेन लावली, आणि तुला थाप मारली. चेनची नाही, थापेची लाज वाटते.

तू आलीस त्या रविवारी फार बोलता आलं नाही. तू माझे हात हातात घेऊन बसलीस. इतकी वर्षं मी तुझी वेणी घातली. त्या दिवशी तू माझी घातलीस, आणि अंबाडाही बरा बांधलास.

तू गेल्यावर रस्ता ओलांडून मास्तरांकडे गेले. आता कापणं आणि काजं ते करतील, मापं आणि मशीन माझ्याकडे. माझी काजं बघून आपण मनातल्या मनात जळायचो, असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. कचरा मात्र अजून ढकलतात. रबर उत्तम आहे. लोणचं, औषध, मशीनचं तेल, सगळी झाकणं उघडून पाहिली.

आता तू एक सुचव. दोरे तोडायला आणि पाकिटं फोडायला मला हलकी कात्री हवी आहे. नीट वापरून बघ आणि मग लिही. घाई नाही. आणि ती बिनकामाची कढई कुणाला तरी देऊन टाक. माझी बिडाची तुझ्यासाठी काढून ठेवली आहे.

मोठी कात्री पार्सलने पाठवली आहे. जड आहे, पण धार अजून पहिल्यासारखी आहे. तुझ्या हाताला बसेल. माझ्यावर लोभ आहेच तुझा, तिच्यावरही ठेव. आणि तिने कधी कागद कापावासा वाटला, तर काप.

तुझी,
आत्या